काकूंचं नोटपॅड

कचेरीत त्याला सगळे ‘कुलूपशेठ’ म्हणत. प्रत्येकाच्या टेबलावर पडदा आणि कीबोर्ड तेवढा. खरं काम चालायचं ते तळघरातल्या एकाच सर्व्हरवर. तिथे कुणाला कोणता प्रोग्रॅम दिसावा, हे याच्या हातात. पद्धत ठरलेली: आधी सरसकट बंद, मग कामापुरतं उघडायचं. माणूस वाईट नव्हता, पण एकदा नियमावर बोट ठेवलं की समोरचा माणूस त्याला दिसेनासा व्हायचा.

एका सोमवारी त्याने नोंदणी विभागाला तीन प्रोग्रॅम ठेवले आणि बाकी सगळं काढून घेतलं. दुपारी नोंदणीतल्या काकू धापा टाकत जिना चढून आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले.

“अरे, माझं ते नोटपॅड गेलं बघ. तेवढं परत दे ना.”

“काकू, तुमच्या कामात ते कुठे लागतं? साहेबांची चिठ्ठी आणा, कारण लिहून. दोन मिनिटांत देतो.”

“कारण लिहावंच लागेल?”

“नियम आहे. तुम्हाला दिलं की उद्या सगळे रांग लावतील.”

काकू हसून “बरं” म्हणाल्या आणि कठडा धरून खाली गेल्या. चिठ्ठी काही आली नाही. चिठ्ठी नाही म्हणजे गरज नाही, असं याचं साधं गणित. लिहून देता येत नाही अशीही गरज असते, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं!

तीन आठवड्यांत काकूंनी एकाच अर्जाची नोंद चारदा केली. एका सकाळी तर भलत्याच विभागात जाऊन बसल्या. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार, तोही दोन वर्षांपासूनचा. साहेबांनी गोड बोलून त्यांना घरी बसवलं. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं.

त्यांचं खातं बंद करायचं काम याच्याकडेच आलं. आत एकच फाईल होती, नोटपॅडची. त्याने ती उघडली.

“कागदावर लिहायचं नाही, कागद हरवतो. शिक्का डाव्या खणात. साहेबांच्या मुलीचं लग्न झालंय, पुन्हा विचारायचं नाही. डबा खाल्ला की इथे खूण करायची. काही अडलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवाल्याकडे जायचं. पोरगा भला आहे, नाही म्हणत नाही.”

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तो ओक्साबोक्शी रडला.