वरीची खीर

आमच्या कडेगावच्या कचेरीत टपाल सांभाळणाऱ्या बाई बौद्ध घरातल्या. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या घरून खिरीचा मोठा डबा आणतात, आणि नेमका त्याच दिवशी निम्म्या कचेरीला उपवास निघतो. वार कोणताही असो. बाई वाद घालत नाहीत. "आज कंचा उपास, भाऊ?" एवढंच विचारतात, उत्तर नीट ऐकून घेतात आणि डब्याला झाकण लावून टपालावर शिक्के मारू लागतात. शिक्के मात्र जरा जोरात बसतात.

यंदा त्या डबा घेऊन थेट मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. जयंतीच्या दिवशी माइकवरून तासभर समता सांगणारे हेच साहेब.

"आवं सायेब, औंदा खीर वरीची हाय. उपासाला चालती. घ्या."

त्यांनी वाटी भरून पुढे केली. साहेब म्हणाले, "बाई, मला दूध पचत नाही हो."

"मग हातातला त्यो चहा कशाचा हाय?"

कचेरीत कुणी मान वर केली नाही. बाई वाटी त्यांच्यापुढे ठेवून जागेवर येऊन बसल्या. साहेब त्या वाटीच्या कडेकडेनं फायलींवर सह्या करत राहिले. मला त्यांची इतकी चीड आली, की मी उठून बाईंकडे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खीर मागितली.

बाईंनी वाटी भरली, पण लगेच हातात दिली नाही.

"गेल्या साली पुनवंच्या दुसऱ्या दिवशी एकादशी हाय म्हणणारं तुमीच न्हवं, भाऊ?"