धक्क्याची खालची पायरी

गाव सोडलं त्या दिवशी सोनपेठच्या स्टँडवर मी, आमचे मालक, लेक सुभाष, सासूबाई अन् धाकटा दीर किसन एवढेच होतो. बाकी कुणी आलं न्हाई.

आमी भोई. गंगेत, म्हंजी आमच्या गोदावरीत, जाळं टाकायचं, बाजारात मरळ इकायची, ह्याच्यावर जिंदगी काढली. मंग गंगेतली वाळू गेली, पाणी आटलं, डोहात मासा राहीना. सुभाषला कोकणात बर्फाच्या कारखान्यात काम लागलं, तो आमाला न्यायला आला होता. सासूबाई एस्टीच्या खिडकीला धरून म्हणल्या, "जे पाणी पिता येत न्हाई, त्याच्या काठाला काय राहता रं?" किसन हसून म्हणला, "वैनी, दादाला धरून ठिवा. पाणी दिसलं की उतरतोय ह्यो."

तिथं खोली लय बारकी. मालक दिसभर बेजार. पर गावाच्या टोकाला समुद्रात गेलेला धक्का होता, सरकारी. शेजारी बाग, बाकडी. कुणीबी यावं, गळ टाकून बसावं. रिक्षावाले यायचे, पेन्शनवाले यायचे, बायाबी. मालकांनी पहिल्या दिवशी गळाला कणकेची गोळी लावली, गंगेत लावायचे तशी. एक रिक्षावाला म्हणला, "बाबा, इथला मासा चपाती खात नाय. ही कोळंबी लावा." त्या दिवशी शेंगाळा घावला. लय महिन्यांनी मालकांचं तोंड हसरं दिसलं.

आमच्याकडं एक रीत हाय. गंगेचं पाणी चढायलंय हे ज्या भोयाला आधी दिसंल, त्यानं गावभर वरडत पळायचं. मालकांनी ती जन्मभर पाळली. एक दिवस धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दिसल्या अन् मालक उठले. "पाणी आलं! लेकरं उचला, वर पळा!" बागंतल्या बाया घाबरून लेकरं घेऊन पळाल्या. मंग सगळा धक्का हसला. सुभाष घरी येऊन म्हणला, "आबा, भरती हाय ती. रोजच येती. माझी इज्जत घालवली तुमी."

तवापासून मालक दिसले की कुणीतरी वरडायचं, "ओ गंगावाले, पळू का?" मालकबी हसायचे. पर पाणी चढताना बघून उठायचं त्यांनी सोडलं.

त्या अवसंला उधाण होतं. मालक सगळ्यात खालच्या पायरीवर. मी बाकड्यावरून म्हणलं, "वर या की, पाणी पायाला लागायलंय."

म्हणले, "बस गं. उठलो की परत हसतील."

लाट आली. गेली तवा पायरी रिकामी होती.

कोळ्यांनी होड्या घातल्या. तो रिक्षावाला कमरेइतक्या पाण्यात उभा राहून रडला. मालक सापडले न्हाईत.

मी परत आले. सासूबाई तोवर गेल्या होत्या, तेवढं बरं झालं. किसननं दर्भाचा पुतळा करून जाळला अन् राख गंगेत सोडली. गंगेला कळलंच असंल, हे गवत हाय म्हणून.

सुभाष फोनवर म्हणतो, "आई, घरी ये." किसन म्हणतो, "वैनी, घर इथंच हाय." मी दोघालाबी हं म्हणते. ज्यांच्या मागं मी घर हालवत फिरले त्यांनाच जागा न्हाई, ना इथल्या मातीत, ना इथल्या पाण्यात. मंग मला कुठलं घर? चूल पेटवते, खाते. दिस जायलेत.

आपल्याकडची पोरं आता लय जायलीत तिकडं, म्हातारे मायबाप घेऊन. म्हणून किसनच्या नातीकडून हे लिहून घेतलंय. धक्क्यावर गळ टाकणाऱ्यांनो, परमुलखाचं माणूस खालच्या पायरीवर बसलेलं दिसलं तर भरती काय असती ते त्याला आधी सांगा. अन् ते उठंना, तर हाताला धरून वर आणा.