मैनाने मालेगावला पाठवलेली मुलगी

मैना, रडणं पुरे झालं. तू खोटं बोललीस हे खरं, पण कुणासाठी बोललीस ते लोकांनाही कळू दे. म्हणून तुझीच गोष्ट तिऱ्हाइतासारखी सांगते.

कामतघरच्या वस्तीत मैना कांड्या भरते. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. बावीस वर्षं हेच काम. शेजारच्या खोलीत जमिला आणि तिची मुलगी उज्मा राहत. उज्मावर कारखान्याच्या मुकादमाने बलात्कार केला. तिने तक्रार केली, तो जामिनावर सुटला, आणि 'मिटवून घ्या' म्हणणारी माणसं रोज दाराशी येऊ लागली. शेवटी मायलेकी शेलार गावात राहायला गेल्या. पत्ता फक्त मैनाला ठाऊक.

जो विचारेल त्याला मैना सांगे, "मना ठाव न्हाय." मार्चमध्ये साध्या शर्टातला एक माणूस आला. तो चिवट निघाला, तेव्हा मैनाने पोरीचं लग्नच लावून टाकलं. "मालेगावला दिली तिला. पोर बी झालाय."

तो पोलीस होता, समन्स घेऊन आलेला. कोर्टात शेरा गेला : साक्षीदार गाव सोडून गेली. जमिला कोर्टात तारीख विचारायला गेली तेव्हा हे कळलं. तोवर तारीख होऊन गेली होती.

उज्मा स्वतः सांगायला आली. "मावशी, मला मुलगा झाला की मुलगी?"

मैनाला हसू कुठलं. ती रडायला लागली, तशी उज्माने तिच्या हातातली कांडी काढून घेतली. "तू मला लपवलंस. दुसऱ्या कुणी लपवलं?"

"आता पोलिसांना नवा पत्ता दे," मैना म्हणाली.

"दिला की मुकादमाच्या वकिलालाही कळणार."

"मंग माजा पत्ता लिव. कोर्टाचा कागद मी नीट घेतंय आता."

सोमवारी दोघींनी पोलीस ठाण्यात जायचं ठरलं. अर्ज उज्मानेच द्यायचा होता, आणि तोही त्याच टेबलावर, जिथे तक्रार देताना तिने पाच पुरुषांदेखत सगळं तीनदा सांगितलं होतं.

मैना कामावर खाडा करून, चांगली साडी नेसून नाक्यावर उभी राहिली. बारा वाजता उज्माचा फोन आला.

"मावशी, आज नको."

"बरं. जेवलीस क?"

"नाही."

"जेव आधी."

पुढच्या सोमवारीही मैनाने खाडा केला. पोलिसांच्या कागदावर अजून ती कामतघरची रिकामी खोलीच आहे.