जहाल भाजीची सरळ रेघ

छत्तीसगडच्या नवा रायपूरमध्ये आमचं ऑफिस नुकतंच हललं होतं. आजूबाजूला रुंद रस्ते आणि ऊन, चहाची टपरीसुद्धा नाही. त्यामुळे सगळे जेवायला ऑफिसच्या कॅन्टीनमध्येच. तरी पोळ्या रोज उरायच्या. आमचे साहेब यवतमाळकडचे, त्यांना अन्न उरलेलं खपत नसे. त्यांनी मला, म्हणजे ऑफिसातल्या एकुलत्या एक सांख्यिकीवालीला, कामाला लावलं: भाजी किती तिखट असली की माणसं किती पोळ्या खातात, ते काढा.

महिनाभर मी वही घेऊन कॅन्टीनच्या दाराशी बसले. भाजी कधी फिकी, कधी मध्यम, कधी तिखट. स्वयंपाकाच्या दीदींच्या मनावर सगळं. मी फिकीला एक, मध्यमला दोन, तिखटला तीन असे आकडे दिले आणि संगणकाकडून त्यातून एक सरळ रेघ काढून घेतली. रेघ वर गेली. तिखट एक पायरी वाढलं की पोळ्या दर वेळी तेवढ्याच वाढतात, असं मी साहेबांना ऐटीत सांगितलं.

"मग चार नंबर करू न, जहाल!" साहेब म्हणाले. "रेघ वर जाऊन राहिली, आपण थांबायचं काहून?"

मलाही ते पटलं. मी दीदींना निरोप दिला. "हव," एवढाच होकार देऊन त्यांनी मिरच्या निवडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिला घास मोठ्या आशेनं घेतला आणि त्यांना उचकी लागली. टपालवाले भैया रडत होते. एक पाहुणे अधिकारी नळाखाली जीभ धरून उभे होते.

"और रोटी दूँ?" दीदींनी विचारलं. सगळ्यांनी ताटावर हात आडवे धरले.

मी जागेवर येऊन वही नीट पाहिली. फिक्यापासून मध्यमपर्यंत पोळ्या भराभर वाढल्या होत्या, मध्यमपासून तिखटपर्यंत जेमतेम. पायऱ्या क्रमानं होत्या, पण सारख्या उंचीच्या नव्हत्या. एक-दोन-तीन लिहून मीच त्या सारख्या करून टाकल्या होत्या. मग प्रत्येक पायरी वेगळी मांडली, तर जहालबद्दल संगणक गप्प. त्या पायरीवर तोवर कोणी जेवलंच नव्हतं!

मी साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. ते ताक पीत होते.

"आजचा दिवस तं मोजला न? लिव्हा वहीत."

"तुमच्या पोळ्या किती लिहू?"

"अर्धी." उचकी आली. "नाही, पाव लिव्हा. खोटं कायले सांगू?"