तीन नंबरची बाटली

ऋता आणि चिन्मय,

गेल्या आठवड्यात फोनवर ऋता सांगत होती, की शाळेने त्यांना गावातल्या नदीवर नेलं आणि पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायला लावला. मग तिने विचारलं, "आजी, तुझ्या शाळेत असं काही होतं का?" मी म्हटलं, "होतं." तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि फोन ठेवावा लागला. त्या एका शब्दाच्या मागे एक अख्खा माणूस राहून गेला. तो आता लिहून पाठवते. माझं अक्षर आणि माझी आठवण, दोन्ही अजून सरळ रेषेत चालतात. तुम्हाला वाचायला जड गेलं, तर आईकडून वाचून घ्या.

"घाई नको बाई. बाटलीला बोलू दे."

हे त्यांचं वाक्य. आमच्या रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळायचे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही तेच म्हणायचे. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईला, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, बाटल्या धुण्यात काढली होती. वडील गेल्यावर शेती बघायला पालीजवळच्या आपल्या वाडीत परत आले आणि आमच्या शाळेत लागले. रोज सकाळी पालीहून एस.टी.ने यायचे. अंगात खाकी शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी बाटली घासायचा ब्रश.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. शाळेत निसर्ग मंडळ निघालं आणि विज्ञानाच्या बाई नेमक्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापिकांनी मंडळ माझ्या गळ्यात घातलं. मी इंग्रजी शिकवायचे. विज्ञानाशी माझा संबंध घरातल्या मुरंब्यापुरता. पण "तुम्ही अहवाल छान लिहिता," असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मामांनी मुलींना पहिले पंधरा दिवस नदीवर नेलंच नाही. शाळेच्या हौदावर उभं केलं. बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, हात कोपरापर्यंत बुडवायचा, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, म्हणजे इथे नळाच्या धारेकडे, करायचं, आणि मग अंगठा इतक्या सावकाश उचलायचा की आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा दिसला की मामा म्हणायचे, "बाद. बाहेरचा वारा आत गेला. आता ही बाटली खोटं बोलणार."

एक मुलगी रडकुंडीला आली. "मामा, एवढुसा होता हो."

"एवढुसाच असतो," मामा म्हणाले. "मोठा असता तं मीच बुडलो असतो."

त्यांची परीक्षा अगदी साधी होती. काठोकाठ भरलेल्या बाटलीत प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगाचे दोन थेंब टाकायचे, बूच घट्ट लावायचं आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवायची. पाण्यात प्राणवायू असेल तोवर रंग निळा राहतो. पाण्यातली घाण कुजत कुजत तो खाऊन संपवते, आणि मग निळा रंग उडतो. जितका लवकर उडेल तितकं पाणी वाईट. मामा याला पाण्याचा दम म्हणायचे. "बगा, हिला तीन दिवस दम आहे. ही बिचारी संध्याकाळीच धापा टाकतेय."

बाटल्यांवर जागेचं नाव लिहायला त्यांची सक्त मनाई. फक्त आकडा. "नाव लिवलं की माणूस नाव बगतो, पाणी नाय बगत." कुठला आकडा कुठल्या जागेचा, ही यादी माझ्याकडे असायची. माझ्या वहीत चूक होत नाही, यावर मामांचा माझ्याइतकाच विश्वास होता.

आता आमच्या आळीतलं काम सांगते. आळीच्या मागून वहाळ वाहतो. वहाळ म्हणजे छोटी नदीच, पावसात दांडगी आणि उन्हाळ्यात बोटभर. काठावर कपडे धुवायच्या तीन धोंडी होत्या आणि त्यांच्या पुढ्यात एक खोल कोंड, म्हणजे डोह. धोंडींवर परटांची दोन-तीन घरं पोट भरायची. त्यातली शेवंती आमच्या घरचे कपडे धुवायची. दर मे महिन्यात त्या कोंडीत मासे पोट वर करून तरंगायचे आणि आळीभर दुर्गंधी सुटायची. साबण आणि सोड्याने पाणी नासतं, हे सगळ्यांना न तपासताच माहीत होतं. धोंडी तिथून हलवून खाली खाडीकडे न्याव्यात, असा अर्ज आळीने नगरपालिकेला केला.

तो अर्ज मी लिहिला होता. आळीत काही लिहायचं असलं की माझ्याकडेच येत. चार मुद्दे, समास सोडलेला, खाली बत्तीस सह्या.

शेवंती गठडं घेऊन आली ती ओट्यावरच बसली. "बाई, खाडीचं पाणी मचूळ. त्यात साबणाला फेस येतो काय ओ? उद्या तुमच्या साड्या चिकट आल्या तं बोल मलाच लावाल. आणि मंग कपडे दुसरीकडं टाकाल." मी म्हटलं, "नगरपालिका काहीतरी सोय करेल." ती म्हणाली, "करेल की. फेसाची पण करेल."

सुट्टी लागली होती, पण निसर्ग मंडळाच्या मुलींना अर्जाला पुरावा जोडायची हौस आली. खरं सांगायचं तर हौस मलाच होती. मामांनी प्रयोगशाळा उघडली. चार बाटल्या भरल्या. एक विहिरीच्या पाण्याची. तिला मामा साक्षीदार म्हणायचे, कारण ती चांगली असते हे आधीच ठाऊक. दुसरी वहाळाच्या वरच्या अंगाची. तिसरी धोंडींच्या जरा वरची, चौथी धोंडींच्या खालची. चौथीचा रंग उडणार, हे मी अहवालात जवळजवळ लिहूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कपाट उघडलं. एक निळी. दोन निळी. चारचा रंग पार फिका. आणि तीन नंबरच्या बाटलीत निळ्याचा मागमूस नव्हता.

"तीन नंबर कुठला ओ बाई?"

मी वही उघडली. उघडायची गरज नव्हती. तीन नंबरच्या जागेला लागूनच वर एक पाइप वहाळात पडतो. तो आपल्या शेडचा. तुमच्या थोरल्या आजोबांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, आमरसाचे डबे भरायची शेड. एप्रिलच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत तिथे रस निघायचा, आणि साली, बाठ्यांना चिकटलेला गर, पिंपं धुतलेलं पाणी, सगळं त्या पाइपातून खाली जायचं. शेवंतीच्या धोंडीपर्यंत पोचायच्या आधीच पाणी मेलेलं होतं.

"यादीत गोंधळ झालाय माझा," मी म्हटलं. "पुन्हा भरू या."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वहीत गोंधळ? पुन्हा बाटल्या भरल्या. पुन्हा तीन नंबर. तिसऱ्या वेळी त्यांनी बाटली माझ्याच हातात दिली. "या खेपेला तुम्ही भरा."

मी पदर खोचून वहाळात उतरले, अंगठा लावला, हात बुडवला. एकही बुडबुडा नाही. वास मात्र ओळखीचा होता, आंबलेल्या हापूसचा. काठावर उभ्या मामांना मी जे म्हटलं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "अहो मामा, हा तर आंबा आहे. ही काही घाण नव्हे."

मला हसू नका. रत्नागिरीत आंब्याला घाण म्हणायला कुणाची जीभ रेटली असती? आमची दिवाळी आंब्यावर, लग्नं आंब्यावर, पाहुण्यांची सरबराई आंब्यावर. बत्तीस सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात त्या पाइपाचा विचार आला नव्हता, आणि वास तर सगळ्यांनाच येत होता.

मामा म्हणाले, "आपल्याला आंबा, बाई. माशाला काय? रस कुजला काय नि शेण कुजलं काय, त्याचा दम जातोच." मग जरा थांबून, "साबण काय साधू आहे असं मी म्हणत नाय. पण मयताला मारलं म्हणून शेवंतीला धरू नये."

दोन दिवस मी गप्प राहिले. घरात थोरल्यांच्या शब्दापुढे शब्द काढायची पद्धत नव्हती, आणि तो हंगामाचा ऐन भर होता. तिसऱ्या दिवशी मामा पहिल्यांदाच आपल्या घरी आले. आत बसले नाहीत. पायरीवरूनच म्हणाले, "नगरपालिकेत सोमवारी बैठक आहे. त्यानंतर धोंडी गेल्या. तीन नंबर कुठला, ते मी परत विचारत नाय."

"तुम्हाला माहीत आहे, मामा."

"मला माहीत असून काय उपयोग? मी बाटल्या आणीन. बोलायचं तुम्ही."

सोमवारी ते सोड्याच्या बाटल्यांच्या लाकडी खोक्यात चारही बाटल्या घेऊन आले आणि बाहेरच्या बाकावर टेकले. मी त्यांना आत बोलावून माझ्या शेजारी बसवलं. अध्यक्ष अर्ज चाळत म्हणाले, "बाई, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. म्हणूनच तो परत घ्यायला मी आले."

मग मी सगळं सांगितलं. मुद्देसूद, एका पाठोपाठ एक, पाइप कुणाचा तेही. एक सभासद म्हणाले, "आता आंब्याने नदी नासते म्हणा. उद्या नारळाने समुद्र नासेल." खोलीत हशा पिकला. मामांनी तीन नंबरची बाटली उचलून, बूच काढून त्यांच्या नाकाखाली धरली. "घ्या साहेब. हापूस आहे." सभासदांनी खुर्ची मागे सरकवली, आणि हशा दुसऱ्या बाजूने पिकला. धोंडींचा विषय त्या दिवशी रद्द झाला.

रात्रीच्या जेवणात थोरले आजोबा एवढंच बोलले, "घरात मास्तरीण असली की आंब्याचीसुद्धा परीक्षा होते." त्यानंतर आठवडाभर अबोला. मग एका सकाळी ते स्वतः प्रयोगशाळेत गेले. मामांनी नंतर मला सांगितलं. त्यांनी बाटली मागून घेतली, अंगठा कसा लावायचा ते विचारलं, आणि पाइपाखालचं पाणी आपल्या हाताने भरून आणलं. पहिली बाटली मामांनी बाद केली. शहरातल्या त्या वजनदार माणसाला तोंडावर सांगितलं, "बुडबुडा होता." ते निमूट पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनरंगी बाटली बघितली. मग शेडच्या मागे जांभ्या दगडात पहारी वाजू लागल्या. दोन खड्डे झाले, एक सालींचा, एक पाण्याचा. जांभा खोदणं म्हणजे काय, ते तुम्हाला इकडे आल्याशिवाय कळायचं नाही. पुढच्या मे महिन्यात मासे मेले नाहीत, असं मी लिहिणार नाही. वरच्या अंगाला तोवर आणखी एक शेड निघाली होती. पण कमी मेले, आणि दुर्गंधी नव्हती.

मामा निवृत्त होईपर्यंत दर सुट्टीत मुलींची नवी तुकडी हौदावर उभी राहायची. माझ्या नोकरीतले सर्वांत कडक परीक्षक ते, आणि त्यांना शाळेने कधी शिक्षक म्हटलं नाही. निवृत्तीनंतर ते शेतीत रमले. एकदा पालीच्या गाडीच्या कंडक्टरने शाळेत निरोप आणला, की तुमचे मामा गेले. आम्ही पाच-सहाजणी वाडीवर गेलो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आजारपणात पण पाणी दिलं की आधी पेला उजेडात धरायचे. मग प्यायचे."

शेडचा पाइप कधीच काढून टाकला. वहाळात आता प्लास्टिक येतं, त्याच्याशी आळीतली नवी मंडळी भांडताहेत. धोंडी तिन्ही जागेवर आहेत. शेवंतीची सून त्यांच्यावर कपडे धुते, आणि त्या पाण्यात साबणाला फेस येतो.