दुकानात लोणी, उजनीवर खुळखुळा

"काकू, माल चांगलाच होता, तुम्हाला वापरता आला नाही." हे एक वाक्य ऐकलं नसतं, तर मी लिहायला बसले नसते. सोलापुरातल्या एका दुकानदाराने ते मला तोंडावर ऐकवलं, तेव्हा त्यानेच विकलेल्या मासेमारीच्या रिळाचा चुरा त्याच्या काउंटरवर कागदात पडलेला होता. उजनीच्या पाण्यावर जड लुअर फेकून मोठा मासा धरायचा तुमचा बेत असेल, तर आधी हे वाचा आणि मग खिशात हात घाला.

सुहास माझा धाकटा भाऊ. चिंचोळी एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो फिटर होता. गेल्या वर्षी पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. त्याच्या मागोमाग नोकरी गेली आणि मासेमारीही गेली. तो चिलापीसारख्या लहान माशाच्या मागे लागणारा माणूस नाही. चिलापीवर मी समाधानी असते. त्याला हवा असतो शिवडा, मिशांचा, दातांचा, अंगावर येणारा. त्याच्यासाठी वीतभर लांबीचे जड लाकडी नकली मासे, म्हणजे लुअर, लांब फेकावे लागतात. सुहास ते बेटकास्टर रिळावर फेकायचा. त्या रिळावर फेकताना दोऱ्यावर सतत अंगठ्याचा दाब ठेवावा लागतो. दाब चुकला की दोऱ्याचा गुंता होतो. अर्ध्या अंगठ्याने ते जमेना. त्याने दोन्ही रॉड माळ्यावर टाकले.

स्पिनिंग रिळाला अंगठा लागत नाही. दोरा तर्जनीवर धरून सोडला की झालं. हे मी त्याच्या डोक्यात घालायला सहा महिने घेतले. शेवटी तो म्हणाला, "एकदाच बघतो, अक्का. नाही जमलं तर दोन्ही रॉड पुतण्याला देऊन टाकतो. नजरेसमोर नकोत."

म्हणून आम्ही दुकानात गेलो. मला काय हवं ते मी स्पष्ट सांगितलं: जड लुअर, दिवसभर फेक, अंग धातूचं. दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि उत्तर सुहासला दिलं.

"साहेब, हे बघा. चौदा बेअरिंग. फिरवा जरा. लोणी आहे लोणी."

"जड लुअरच्या फेकीला टिकेल का?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. साहेब, दहा किलोचा मासा आरामात."

"मी माशाचं विचारलं नाही. फेकीचं विचारलं."

तोवर सुहास हँडल फिरवत होता आणि त्याचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला होता. "किती हलकं आहे बघ की, अक्का." हलकं होतं, कारण अंग प्लॅस्टिकचं होतं. मला ते दिसत होतं. पण त्या चेहऱ्यापुढे मी गप्प राहिले आणि तिथेच आम्ही फसलो.

रविवारी उजाडताना निघालो. पुणे महामार्ग उत्तम आहे. मोहोळ मागे टाकून मोडनिंबला चहाला थांबा. तिथली भजी तेलकट असतात, पण गरम मिळतात. टेंभुर्णी ओलांडल्यावर महामार्ग सोडून पाण्याकडे उतरणारे कच्चे रस्ते लागतात. लहान गाडीचं पोट घासतं, हे गृहीत धरा. गळ टाकण्याआधी मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते गावात विचारा आणि परवानगी घ्या. पाणी बरोबर ठेवा, काठावर सावली नावालाच आहे. हिवाळ्यात सकाळी समोर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसते. त्या दिवशी मी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. मी सुहासच्या हाताकडे पाहत होते.

पहिल्या काही फेकी सुरेख गेल्या. लुअर हवेत उंच जाऊन खूप लांब पडला. सुहास पाय रोवून उभा राहिला, पूर्वीसारखा. मग त्याने पुरी ताकद लावली. फेकीच्या मधेच रिळावरची तारेची कमान, जी दोरा मोकळा सोडते, ती आपोआप खाली पडली. दोरा अडला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन तुटला. लुअर सुटला तो थेट एका मच्छीमाराच्या होडीवरून, त्याच्या टोपीच्या हातभर वरून गेला.

होडी वळून काठाला आली. पाण्यावर तरंगणारा लुअर त्याने वाटेत उचलला होता.

"ओ बाई, आमचं डोस्कं म्हंजी मासा वाटला व्हय तुमाला?"

"चुकलं, मामा," सुहासने हात जोडले.

"चुकलं म्हनून डोस्कं परत येतंय व्हय? ह्ये घ्या तुमचं लाकूड." त्याने लुअर आमच्या पायाशी टाकला. त्याचं बरोबर होतं. गळांचे दोन आकडे लावलेलं ते लाकूड डोक्यात बसलं असतं, तर मी हे लिहीत बसले नसते.

त्यानंतर सुहास अर्ध्या ताकदीने फेकू लागला. असा लुअर सोडला तर तरंगतो, पण ओढला की पाण्यात खोल जातो आणि रिळावर भार येतो. थोड्या वेळाने हँडलमधून करकर आवाज सुरू झाला आणि मग हँडल नुसतंच गरगरा फिरायला लागलं. लोण्याचा खुळखुळा झाला.

गाडीच्या डिकीवर वर्तमानपत्र पसरून मी रीळ उघडलं. विज्ञानाची पदवी घेऊन चार दशकं झाली, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते विसरलेले नाही. आत सगळं तेलात न्हालं होतं.

"तेल कुणी घातलं?"

"मीच. काल. नवीन मशीन कोरडं चालवतात होय?"

त्याने खिशातून लांब चोचीची तेलाची कुपी काढून दाखवली. कारखाना सुटला त्या दिवशी खिशात राहून घरी आलेली. आमच्या सोलापुरात जे फिरतं त्याला मागाचं तेल पाजतात. शिलाई मशीन, पंखा, सायकल, कुलूप, सगळ्याला एकच औषध. पण या रिळात एक रबरी कडं होतं. फेकीच्या झटक्याने रिळाचा पुढचा भाग फिरू नये आणि कमान पडू नये, म्हणून ते कडं त्याला घासून धरून ठेवतं. तेलाने ते बुळबुळीत झालं होतं. होडीवाल्याच्या डोक्यावरून गेलेला लुअर आमच्या तेलाचा प्रताप होता. सुहासला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण गिअरचे दात तेलाने गेले नव्हते. ते खडूसारख्या ठिसूळ धातूचे होते. आणि रिळाचा जो दांडा रॉडला बसतो, तो मी दोन बोटांनी दाबला तरी वाकत होता.

सुहास बांधावर बसून होता. "राहू दे, अक्का. पुतण्याला फोन करतो."

"फोन खिशात ठेव. गाडीत बस."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही शटरसमोर उभे होतो. दुकानदाराने रीळ हातात घेऊन वास घेतला.

"तेल घातलंय. गॅरंटी संपली." आणि मग ते वर सांगितलेलं वाक्य.

"तेल आमचं," मी म्हटलं. "तेलाने कमान पडली, ती चूक आमची. आता मला सांगा, तेलाने गिअरचे दात कसे पडतात?"

"साहेब, तुम्ही समजून घ्या..."

"साहेबांशी नाही. माझ्याशी बोला."

शेजारी मंगळवेढ्याच्या ज्वारीचं दुकान आहे. तिथून मी पाच किलोचं लोखंडी वजन मागून आणलं. दुकानदाराकडून त्याच जातीचं नवं कोरं रीळ काढून घेतलं, ते दुकानातल्याच रॉडच्या तुकड्यावर बसवलं, दोरा वजनाला बांधला आणि त्याला म्हटलं, फिरवा. रिळाने वजन उचलायचं नसतं, मला ठाऊक आहे. पण भाराखाली अंग वाकतं का, हे बघायला दुसरा सोपा मार्ग नाही. वजन जमिनीवरून हलायच्या आत दांडा वाकला, रीळ एका कुशीवर कललं आणि आतून कण्हल्यासारखा आवाज आला. ज्वारीवाला दारात येऊन उभा होता.

"ह्ये लोणी जरा जास्तच मऊ दिसतंय की," तो म्हणाला.

वरच्या फळीवर धूळ खात एक रीळ होतं. धातूचं अंग, जाड दांडा, पाचच बेअरिंग, फिरवायला जड. "ते कुणी घेत नाही, काकू," दुकानदार आता माझ्याशी बोलत होता. त्या रिळावर वजन गुमान वर आलं. दांडा हलला नाही. सुहासने दोनदा स्वतः फिरवून पाहिलं. मग रीळ बदलून द्यायला दुकानदाराला फार वेळ लागला नाही, कारण दारात आता चारजण उभे होते.

तेव्हा लक्षात ठेवा. दुकानात रिकामं हँडल फिरवून रीळ निवडू नका, भार देऊन फिरवा. बेअरिंगचा आकडा विसरा. जो दांडा बोटाने वाकतो तो लुअर फेकणार नाही, तुम्हाला फसवेल. हातानेच मिटेल अशी कमान घ्या, आपोआप मिटणारी नको. आणि तुमच्या जागी दुसऱ्याकडे बघून उत्तर देणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नका.

पुढच्या रविवारी त्याच काठावर गेलो. सुहासने पुऱ्या ताकदीने फेकलं, लुअर पडला की डाव्या हाताने कमान मिटायची आणि मग ओढायचं. दिवसभर तेच. तोच होडीवाला लांबूनच ओरडला, "आज डोस्कं शाबूत ऱ्हाईल न्हवं?" शिवडा लागला नाही. संध्याकाळी मी सामान आवरायला घेतलं, तर सुहास म्हणाला, "अजून दहा फेकी." वीस झाल्या. मी मोजल्या नाहीत असं दाखवलं.

घरी येऊनही माझा राग गेलेला नाही. तो दुकानदार आज दुसऱ्या कुणाला लोणी विकत असेल. पण रॉड परत माळ्यावर गेले नाहीत, दाराशेजारी उभे आहेत.

नोंद असावी म्हणून लिहिते. दुकानदाराला परत दिलं: मोडकं रीळ एक, गिअरच्या दातांचा चुरा कागदाच्या पुडीत. दुकानदाराने दिलं: धातूचं रीळ एक. होडीवाल्याला सुहासने दिली: शेंगाचटणी, एक पाकीट. सुहासने मला दिली, न मागता, गाडीतून उतरताना: लांब चोचीची तेलाची कुपी एक, अर्धी भरलेली.