रुमाल पांढरा की किनार पांढरी

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या ज्या कापडाच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, तिथले जुने लूम मोडीत काढून शेठनी चीनहून सहा नवे लूम मागवले. ते बसवायला तिकडूनच एक फिटर आला. पन्नाशीचा, बुटका, केस अगदी बारीक कापलेले. तो आमच्याकडे पाच आठवडे होता. त्या पाच आठवड्यांत माझ्याच भाषेने मला जितकं चकित केलं, तितकं त्याआधीच्या चाळीस वर्षांत केलं नव्हतं.

तो येण्याच्या वर्षभर आधी आमचा माल स्पेनच्या एका व्यापाऱ्याकडे जायला लागला होता. त्याचे मेल यायचे ते स्पॅनिशमध्ये. फोनवर टाकून त्यांचं इंग्रजी करायचं आणि अंदाजाने उत्तर धाडायचं, असं चाललं होतं. एक दिवस शेठ म्हणाले, "अगं, असा अंदाजपंचे कारभार किती दिस चालनार हाय? तू बी.कॉम. झालेली हायेस. शिकून घे ती भाषा. फी मी भरतो."

मग दर रविवारी आमच्या कोन गावाहून बस पकडून मी ठाण्याला क्लासला जायला लागले. वर्गात बहुतेक कॉलेजातली मुलं होती, फाडफाड इंग्रजी बोलणारी. मी मागच्या बाकावर बसायचे. तिसऱ्या रविवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं : तेला ब्लांका, म्हणजे पांढरं कापड. ईलो ब्लांको, पांढरा धागा. मग त्यांचंच अनेकवचन लिहिलं : तेलास ब्लांकास, ईलोस ब्लांकोस. म्हणाल्या, "बघा, कापड इथे स्त्रीलिंगी, धागा पुल्लिंगी. वस्तू बदलली की रंगाचा शब्दही बदलतो. एकाचे अनेक झाले तरी बदलतो."

वर्गात कुरकुर सुरू झाली. पुढची एक मुलगी म्हणाली, "पण मॅम, कापडाला कसलं आलंय बाईपण? व्हाइट म्हणजे व्हाइट!"

मला काही कळेना, यात अडचण काय आहे. पांढरा धागा, पांढरी साडी, पांढरं कापड, पांढरे धागे, पांढऱ्या साड्या. हे तर मी शाळेत जायच्याही आधीपासून बोलत आले होते. आमच्याकडे तर लिंगं तीन, यांच्याकडे दोनच. त्या दिवशी मी घरी आले ती जरा ताठ मानेनेच.

या ताठ मानेनेच पुढे माझी फजिती केली.

फिटर आला तेव्हा त्याला चिनीशिवाय काही येत नव्हतं. तो फोनमध्ये बोलायचा आणि फोन हिंदीत सांगायचा. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्याने एका मुलीचा फोटो दाखवला. फोन म्हणाला, "यह मेरी बेटी है." आणि लगेच, "वह तीसरी में पढ़ता है."

मी विचारलं, "बेटा है या बेटी?"

तो गोंधळला. पुन्हा बोलला, फोन पुन्हा म्हणाला, "पढ़ता है." मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर दोन अक्षरं काढली. एकावर बोट ठेवून म्हणाला, "ता," आणि स्वतःकडे दाखवलं. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "ता," आणि माझ्याकडे दाखवलं. लिहिताना तो वेगळा, ती वेगळी. तोंडाने मात्र दोघंही 'ता'. आणि क्रियापद? ते 'ता'साठीही तेच, 'मी'साठीही तेच, सगळ्या गावासाठीही तेच. फोन बिचारा एकेक वाक्य सुटं घेत होता. मागच्या वाक्यातली मुलगी पुढच्या वाक्यात येईपर्यंत त्याच्या हातून निसटत होती.

मी त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. चहा निवला.

पुढच्या आठवड्यात पहिला लूम चालू केला. धागा तुटला, लूम थांबला. फिटर म्हणाला, "शिएन दुआन ल." शिएन म्हणजे धागा, दुआन म्हणजे तुटणं, आणि 'ल' म्हणजे झालं ते. दुसऱ्या वेळी तीन धागे तुटले. मी कान टवकारून उभी होते. तो म्हणाला, "शिएन दुआन ल." जसंच्या तसं. मी तीन बोटं दाखवली, तेव्हा म्हणाला, "सान गन शिएन." सान म्हणजे तीन, आणि 'गन' हा लांब, बारीक वस्तू मोजायचा शब्द, आपण चार 'नग' म्हणतो तसा. पण धाग्याचे धागे झालेच नाहीत. तुटणंही हललं नाही.

मला शाळेतलं इंग्रजी आठवलं. थ्रेड ब्रेक्स, थ्रेड्स ब्रेक. एक धागा असला की 'स' क्रियापदाला, अनेक असले की 'स' धाग्याला. जणू त्या भाषेकडे एकच 'स' शिल्लक होता आणि तो दोघांना आळीपाळीने वापरावा लागत होता. मोठ्या घरातला शेवटचा दागिना असावा तसा. चिन्यांनी तोही ठेवला नव्हता.

मी फोनवरून विचारलं, "मग एक की तीन, हे कळतं कसं?"

फिटरने लूमकडे हात केला. फोन म्हणाला, "आप सामने खड़ी हैं. देख लीजिए."

तेव्हापासून मला नादच लागला. कारखान्यात कोण काय बोलतं, तिकडे माझे कान. आमच्याकडे एक जुने विणकर आहेत, उत्तर प्रदेशातले, तीस वर्षं भिवंडीत काढलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. लूम थांबला की चाचा ओरडायचे, "दीदी, मशीन रुक गया!" शेठ केबिनमधून विचारायचे, "कंची मशीन बंद पडली?" आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचे, 'मशीन बंद पडलं.' एकच यंत्र, आणि एका मिनिटात ते पुरुष झालं, बाई झालं आणि दोन्ही नाही असंही झालं. ते मात्र मुकाट उभं होतं.

हिंदीत मशीन बाई, म्हणून पूर्वी मी चाचांच्या 'गया'ला हसायचे. आता विचारलं, "चाचा, मशीन रुक गया की रुक गई?"

ते म्हणाले, "दीदी, रुकने से मतलब है. आप चालू करवाओ."

एकदा दुपारी मी फिटरला डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. त्याने पहिल्या घासालाच डोळे मिटले, आणि बघता बघता दोन भाकऱ्या संपवल्या. शेठ डोकावले, तर मी सांगितलं, "शेठ, फिटरने भाकरी खाल्ली!" आणि बोलता बोलताच थबकले. खाणारा पुरुष. मग 'खाल्ली' का? त्याने पाव खाल्ला असता तर मी 'खाल्ला' म्हटलं असतं, पोहे खाल्ले असते तर 'खाल्ले'. म्हणजे क्रियापदाने खाणाऱ्याकडे पाठ फिरवली होती आणि ते भाकरीला जाऊन मिळालं होतं! स्पॅनिशमध्ये क्रियापद कर्त्याचं ऐकतं, इंग्रजीतही त्या एका 'स'पुरतं का होईना त्याचंच ऐकतं. आणि आम्ही, काम झालं रे झालं की करणाऱ्याला सोडून त्याने जे केलं त्याच्याशी जुळवून घेतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आईला लिहिता येत नाही, पण तिचं कधी इथे चुकलं नाही.  फिटरला ते समजावताना फोनने हात टेकले. मी भाकरीचं चित्र काढलं, माणसाचं काढलं, आणि 'खाल्ली'पासून बाण नेला तो भाकरीपर्यंत. त्याने चित्र बराच वेळ पाहिलं, फोटो काढून घेतला, आणि बोटाने आधी भाकरीला, मग स्वतःला दाखवून मोठ्याने हसला.

चौथ्या आठवड्यात स्पेनहून नव्या लूमची पहिली ऑर्डर आली. जेवणाच्या टेबलावर ठेवतात ते रुमाल. कागदावर एवढंच : "सेर्विय्येता कोन बोर्दे, ब्लांका. ओत्रो कोलोर, आसूल." म्हणजे, रुमाल किनारीसकट, पांढरा की पांढरी ते पुढे बघू, आणि दुसरा रंग निळा.

शेठनी इंग्रजी करून पाहिलं : नॅपकिन विथ बॉर्डर, व्हाइट. फिटरने आपल्या फोनवर चिनी करून पाहिलं, तिथेही नुसतं 'पांढरा रंग'. तो मला विचारत होता, पांढरं काय? मधलं अंग की कड? उभे धागे आधी लावायचे असतात, आणि त्यांचा रंग ठरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

शेठ म्हणाले, "इंग्रजी काय सांगत न्हाय, चिनी काय सांगत न्हाय. तूच बघ बाय आता."

मी बघितलं. ब्लांका. शेवटी 'आ'. स्त्रीलिंगी. माझी छाती फुगली. म्हटलं, "शेठ, सोपं आहे. 'ब्लांका' म्हणजे पांढरी. पांढरी काय? किनार! रुमाल असता तर 'ब्लांको' झालं असतं. रुमाल निळा, किनार पांढरी."

"वा!" शेठ म्हणाले. "एका अक्षरात सगला निकाल?"

"एका अक्षरात," मी म्हटलं.

चाचांनी निळ्या सुताच्या बॉबिनी चौकटीवर चढवायला घेतल्या. दुपारपर्यंत अर्धी चौकट निळी झाली. जेवणानंतर फिटर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. ते एक अक्षर कसं सांगतं, ते त्याला बघायचं होतं. मी मोठ्या हौसेने 'ब्लांका'च्या शेवटच्या अक्षराभोवती गोल केला आणि 'बोर्दे'पर्यंत बाण ओढला.

त्याने चष्मा वर केला. बोट 'ब्लांका'च्या शेवटावर ठेवलं, तिथून 'बोर्दे'च्या शेवटावर नेलं. मान हलवली. मग बोट मागे, 'सेर्विय्येता'च्या शेवटावर. तिथे थांबला. फोन म्हणाला, "ये दोनों एक जैसे दिखते हैं. वो वाला अलग है."

 सेर्विय्येता! त्यांचा रुमाल बाई होता. त्यांची किनार पुरुष होती. मी स्पॅनिश वाचली होती, पण लिंगं माझ्या घरची लावली होती. रुमाल 'तो' आणि किनार 'ती', हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं, की जगात कुठे ते उलटं असेल हे माझ्या मनातच आलं नाही. आणि हे कुणाला दिसलं? ज्याच्या भाषेत रंगाचा शब्द कशापुढेच वाकत नाही, त्याला. त्याला 'तो', 'ती' काही आडवं आलं नाही. त्याने नुसती अक्षरं पाहिली.

मी धावत सुटले. "चाचा, रोको! निळं नको, पांढरं!"

चाचांनी हातातली बॉबिन खाली ठेवली. "क्या हुआ दीदी?"

"मेरी गलती है. रूमाल सफेद है."

शेठना सांगताना मान वर होत नव्हती. त्यांनी केबिनच्या दारातून चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बीम भरला का?" बीम म्हणजे उभे धागे गुंडाळायचा रूळ; तो भरला असता तर सगळं सूत वाया गेलं असतं.

"नाही. फक्त बॉबिनी चढवल्यात."

"मग उतरवा. पन आधी त्याला ईचारून घे. या खेपेला तुझं अक्षार न्हाय, त्याचा जबाब पाहिजे."

मी लगेच मेल केला. संध्याकाळच्या आत उत्तर आलं : हो, रुमाल पांढरा, किनार निळी. चाचांनी कुरकुर न करता सगळी चौकट पुन्हा लावली. मी आणि फिटर दोघंही बॉबिनी उतरवायला उभे राहिलो. माझ्या हाताला निळे तंतू चिकटले होते. लाज वाटत होती, पण तिच्याखाली वेगळंच काही उसळत होतं. समुद्रापलीकडे कुणीतरी एक 'आ' लिहिला होता, सवयीने, विचारही न करता, आणि तो 'आ' इथे शेलारमध्ये शेकडो धाग्यांचा रंग ठरवत होता.

तिसऱ्या दिवशी पहिला रुमाल लूमवरून उतरला. पांढरा, चारी कडांना निळी पट्टी. सुरेख दिसत होता.

फिटर निघाला तो शनिवारचा दिवस होता. बाहेर गाडी उभी होती. त्याला जाताना मराठीत काहीतरी म्हणायचं होतं. मी सांगितलं, आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. तो चाचांसमोर जाऊन, हात जोडून, माझ्याच सुरात म्हणाला, "येते!"

सगळे हसले. तो बावरला. मी म्हटलं, "तुम्ही येतो. मी येते."

त्याने दोनदा घोकलं. मग फोन पुढे करून विचारलं, दोघं मिळून निघालो तर?

"आम्ही येतो."

दोन बायका निघाल्या तर?

"आम्ही येतो," मी म्हटलं आणि तशीच उभी राहिले. दोन बायका, चार पुरुष, सगळं गाव, कुणीही असो, 'आम्ही येतो'च. 'आम्ही येत्या' असं कुणी म्हणत नाही. 'मी' म्हणताना बाई की पुरुष हे सांगितल्याशिवाय आमची भाषा पुढे जाऊ देत नाही, आणि 'आम्ही' म्हटलं की तिला ते विचारायचंही नसतं. माझा जन्म गेला हे बोलण्यात, आणि हे मला आज, कारखान्याच्या दारात, एका परक्या माणसाला उत्तर देताना कळत होतं.

"क्या हुआ?" फोनने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. शेठनी त्याची बॅग डिकीत ठेवली. तो काच खाली करून काहीतरी बोलला, पण लूमच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी आणि चाचा दारात उभे होतो. मग चाचा म्हणाले, "चलो दीदी, दो नंबर रुक गया है," आणि आम्ही आत गेलो.